कुलूप लावून दाखवा

आमच्या साहेबांना गाडी चालवता येत नसे आणि शिकायची इच्छाही नव्हती. त्यामुळे आमच्या सहकारी बँकेच्या सावेडी शाखेत, कर्ज विभागात माझी बदली झाली त्याच आठवड्यात माझ्या स्कूटीची मागची सीट त्यांनी ताब्यात घेतली. मांडीवर रेक्झिनची बॅग, बॅगेवर दोन्ही हात आणि डोक्यावर लालभडक हेल्मेट. हे हेल्मेट त्यांना कुठल्याशा लग्नात आहेर म्हणून मिळालं होतं म्हणे. मागे बसणाऱ्यानं हेल्मेट घालायचं असतं हे नगरच्या लोकांनी तोवर ऐकलं असेल, पाहिलं नव्हतं. सिग्नलला कॉलेजची पोरं वळून वळून बघायची. साहेब त्यांच्याकडे बघून अशी मान डोलवायचे की सत्कारच चाललाय. मी मात्र लाजेनं अर्धी व्हायचे.

बरं, मागे बसून गप्प बसतील तर शपथ. रस्त्याच्या दोन्ही बाजूंची घरं ते मोठ्यानं वाचत जायचे. "हे घर यांचं स्वतःचं. हे बँकेचं. हे खाली बँकेचं, वर यांचं. आणि हे दोन बँकांचं, हे लोक राहतात पाहुण्यासारखे." घर तारण ठेवून कर्ज काढलं की उताऱ्यावर बँकेचं नाव चढतं. त्याला आमच्या धंद्यात बोजा म्हणतात. लोकांना घराचा रंग दिसतो, फाटकाची नक्षी दिसते. साहेबांना आधी बोजा दिसायचा. एकदा त्यांना घरी सोडायच्या आधी मी माझ्या बिल्डिंगखाली थांबले, तर वर बघून म्हणाले, "तुमचा फ्लॅट?"

"भाड्याचा आहे साहेब."

"मग झोप चांगली लागत असेल," असं म्हणून त्यांनी हेल्मेट सारखं केलं. मला इतका राग आला की पुढचा खड्डा मी मुद्दाम चुकवला नाही.

कर्ज किती मिळेल, हा प्रश्न आमच्याकडे रोज यायचा. पगार किती, आधीचे हप्ते किती, हातात काय उरतं, एवढं बघून उत्तर द्यायचं असतं. कोष्टक ठरलेलं असतं, कॉम्प्युटर आकडा काढून देतो. साहेबांना ते कोष्टक मान्य होतं, पण समजावून सांगायची त्यांची रीत वेगळी. ते जेवणाची सुट्टी होईपर्यंत गिऱ्हाइकाला बसवून ठेवायचे आणि मग स्वतःचा डबा उघडायचे. "ह्या पाच चपात्या म्हणजे तुमचा महिन्याचा पगार. दोन बँकेनं खाल्ल्या तर तुमच्या घरात तीन राहिल्या. जेवण होतं. तिसरी दिलीत तर घरात कुरकुर. चौथी दिलीत की घरात भांडण आणि बँकेत नोटीस." असं म्हणत ते एकेक चपाती डब्याच्या झाकणावर सरकवायचे. माणसाला कोष्टक कळत नाही, चपाती कळते, असं त्यांचं म्हणणं.

एकदा पाथर्डीकडचा एक जीपवाला आला होता. सावेडीत त्यानं दोन खोल्या बांधल्या होत्या आणि त्यांच्यावर कर्ज काढून दुसरी जीप घ्यायची होती. सकाळपासून बसलेला, बिचाऱ्याच्या पोटात कावळे कोकलत असणार. साहेबांनी दोन चपात्या झाकणावर ठेवून झाकण त्याच्याकडे सरकवलं आणि म्हणाले, "ह्या तुमच्या नाहीत असं समजा." एवढ्यात साहेबांचा फोन वाजला. फोन ठेवून बघतात तर झाकण रिकामं.

"अहो, चपात्या?"

"खाल्ल्या की सायब. तुमी झाकान पुढं सारलं, मला वाटलं जेवाच म्हनले."

"त्या बँकेच्या होत्या!"

जीपवाला घाबरला. "आता काय करावं? भरून देतो सायब. पन खोटं न्हाई बोलत, चपाती लई मऊ हाय."

साहेब डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मग उरलेल्या तिन्ही चपात्या आणि भाजी त्याच्यापुढे ठेवून स्वतः शेंगदाणे खात बसले. शेंगदाणे त्यांच्या शर्टाच्या खिशात कायम असत, गुळाच्या खड्यासकट. पुढे आम्ही सगळे त्या जीपवाल्याला बँकेला खाणारा एकमेव कर्जदार म्हणायचो. त्याचं कर्ज मंजूर झालं, थोडं कमी. हप्ते भरायला तो स्वतः यायचा आणि प्रत्येक वेळी साहेबांच्या डब्याची चौकशी करून जायचा.

घर बघायला साहेब पंचवीस तारखेनंतरच जायचे. कितीही घाई असो, मोठ्या लोकांचे फोन येवोत, महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ते पाऊल उचलत नसत. "पगार झालेल्या घरात सगळेच राजे," असं म्हणायचे. महिनाअखेरीला घर कसं चालतं ते बघायचं. दारात वर्तमानपत्र येतं का, पोराचा क्लास चालू आहे का, बाई पाहुण्यांना चहा विचारताना मागे वळून नवऱ्याकडे बघते का. चहा मात्र कधी घ्यायचे नाहीत. पाणी चालायचं. चहा पोटात गेला की पेन हलकं होतं, असं त्यांचं मत होतं, आणि मला उन्हातान्हात फिरून चहाची तल्लफ आलेली असली तरी तोच नियम मलाही लागू होता. यावरून आमची बरीच वादावादी झाली. जिंकले तेच.

आता मुख्य गोष्ट. विकत घ्यायच्या घरासाठी कर्ज असेल तर साहेब फार त्रास देत नसत. पण राहत्या घरावर कर्ज काढायचं असलं, तर सगळी कागदपत्रं झाल्यावर, शिफारस लिहायच्या आधी ते एक परीक्षा घेत. ती कुठल्या परिपत्रकात नव्हती. घरातल्या सगळ्यांना ते बाहेर बोलवायचे. सगळ्यांना म्हणजे अक्षरशः सगळ्यांना, सासूबाई असोत नाहीतर पाळण्यातलं पोर. हातात काही घ्यायचं नाही, मोबाईलसुद्धा नाही, पायात चपला असतील तर तेवढ्याच. मग म्हणायचे, "आता कुलूप लावून दाखवा."

कुलूप लागलं की किल्ली मागून घ्यायचे. शर्टाच्या खिशात शेंगदाण्यांबरोबर ती टाकायचे आणि सगळ्या कुटुंबाला रस्त्याच्या पलीकडे उभं करायचे. स्वतः रमतगमत गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन यायचे. परत आल्यावर प्रत्येकाला वेगळं विचारायचे, "आत काय राहिलं?"

लोक हसायचे, चिडायचे. पण मी त्यांच्याबरोबर इतक्या दारांत उभी राहिलेय की एक गोष्ट छातीठोक सांगते, साहेब परत येईपर्यंत कुणी हसत नसे. शेजारीपाजारी गॅलरीत येऊन बघायला लागत. आपल्याच घराकडे रस्त्याच्या पलीकडून, हात रिकामे ठेवून माणूस सहसा बघत नाही. कुणी म्हणे गॅसवर दूध राहिलं. कुणी म्हणे बीपीची गोळी. एका लहान मुलीनं सांगितलं की तिचा गृहपाठ आत राहिलाय आणि तो तिथंच राहिला तर चालेल. साहेबांनी खिशातला गूळ तिला दिला.

"ह्यानं काय कळतं साहेब?" मी एकदा विचारलं.

"मला काही कळत नाही. मला कळायचं ते पगाराच्या स्लिपवर कळलेलं असतं. त्यांना कळतं." मग म्हणाले, "बाई, घराची किंमत मोठी आहे म्हणून कर्ज मोठं मिळतं, असं लोकांना वाटतं. पण घर कधी हप्ता भरतं का? हप्ता भरतो पगार. घर फक्त जातं."

सगळ्यांत जास्त राग त्यांना एका गोष्टीचा होता. कार्डाचं कर्ज, मोबाईलवर घेतलेलं कर्ज, गाडीचं, मित्राचं, सगळं गोळा करून घरावर एकच कर्ज काढायचं आणि ती सगळी देणी भागवायची. व्याज कमी, हप्ता एक, डोक्याला ताप नाही. कागदावर हे फार शहाणपणाचं दिसतं आणि पुष्कळदा असतंही. साहेब मात्र फुरफुरायचे. "कार्डाचं थकलं तर बँक फोन करते. घरावरचं थकलं तर बँक घरी येते. बाहेरची उसनवारी कुणी उंबऱ्याच्या आत आणून ठेवतं का?"

यात ते नेहमी बरोबर होते असंही नाही. आमच्याच शाखेजवळ एक शिक्षक जोडपं राहायचं. दोघांचा पगार, टुमदार बंगला, कागद एकदम चोख. त्यांना असंच सगळं एकत्र करायचं होतं. कुलपाच्या वेळी सर तणतणत बाहेर आले. साहेबांनी आत काय राहिलं म्हणून विचारलं, तर म्हणाले, "माझी इज्जत राहिली. किल्ली द्या, म्हणजे आत जाऊन घेतो." साहेबांनी शिफारस नाकारली. सरांनी वर तक्रार केली, साहेबांना मुख्य कार्यालयात बोलावून झापलं, आणि त्या जोडप्यानं कर्ज दुसरीकडून काढलं. पुढे काही वर्षांनी सर आणि मॅडम पेढे घेऊन शाखेत आले. सगळं कर्ज फिटलं, एकही हप्ता न चुकता. पेढे त्यांनी मुद्दाम साहेबांच्याच टेबलावर ठेवले. साहेबांनी दोन पेढे खाल्ले आणि म्हणाले, "चुकलोच मी सर. पेढा मात्र उत्तम आहे." सरांना पुढचं भाषण पाठ असावं, ते बिचारे तसेच उभे राहिले. मला त्या दिवशी साहेब फार आवडले.

भिंगारची गोष्ट मात्र वेगळी. तिथे बाजारपेठेच्या मागे एक मुसलमान कुटुंब राहायचं. मुलाचं दुचाकी दुरुस्तीचं गॅरेज होतं, ते वाढवायचं होतं, म्हणून घर तारण द्यायचं ठरलं. घर आईच्या नावावर. आम्ही गेलो, सगळे बाहेर आले आणि साहेबांनी नेहमीचं वाक्य म्हटलं. मुलगा आईकडे बघायला लागला, आई सुनेकडे.

"कुलूप न्हाई हो सायब," म्हातारी म्हणाली. "आमच्याकडं कुलूपच न्हाई. कशाला लागतंय? मी असते की घरात."

लग्नाला, मयताला, दवाखान्यात, कुणीही कुठेही गेलं तरी घरात कुणी ना कुणी असायचंच. मुलगा पळत जाऊन गॅरेजच्या शटरचं भलंमोठं कुलूप घेऊन आला. पण दाराच्या कडीवर दर ईदेला रंगाचे थर बसलेले. ती हलेना. त्यानं पान्यानं ठोकून ती मोकळी केली तेव्हा रंगाचे पोपडे उंबऱ्यावर पडले. कुलूप लागलं, किल्ली खिशात गेली, साहेब गल्लीच्या टोकाला जाऊन आले. म्हातारी पलीकडच्या भिंतीला टेकून उभी होती. साहेबांनी तोंड उघडायच्या आधी तीच म्हणाली, "सायब, आता जाऊ का आत?"

तिच्या आवाजात राग नव्हता, तक्रार नव्हती. रेशनच्या रांगेत विचारावं तसं तिनं साधं विचारलं होतं. साहेबांनी घाईघाईनं किल्ली काढली, तिच्याबरोबर चार शेंगदाणेही खाली पडले. त्यांनी स्वतः कुलूप काढून दार उघडलं आणि बाजूला झाले. परतीच्या वाटेवर स्कूटीच्या मागून एका शब्दानंही कुठलं घर वाचलं गेलं नाही. सावेडीत पोचल्यावर उतरताना म्हणाले, "मी आजवर चुकीचा प्रश्न विचारत होतो की काय?" गॅरेज आहे तेवढ्याच जागेत ठेवून फक्त नव्या यंत्रापुरतं कर्ज द्यायचं त्यांनी ठरवलं, मागितलं होतं त्याच्या निम्मं. ते सुरळीत फिटलं. बोजा उतरल्याचा कागद द्यायला मात्र त्यांनी मला एकटीला पाठवलं.

साहेब निवृत्त झाले तेव्हा आम्ही त्यांना एक घड्याळ आणि, थट्टेनं, एक पितळी कुलूप दिलं. सहकारी बँकेतल्या माणसाला सरकारी नोकरासारखी पेन्शन नसते. फंडाचे पैसे मिळतात आणि महिन्याला मिळतं ते औषधापाण्यात संपतं. पण साहेबांचं घर होतं. सावेडीतच, आतल्या गल्लीत, खाली दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, वर गच्चीला लागून एक खोली. गच्चीवर कढीपत्त्याची कुंडी. त्या घराचं कर्ज त्यांनी कधीच फेडून टाकलं होतं. गल्लीत शिरताना ते आपल्या घराकडे बोट दाखवून एकच शब्द म्हणायचे, "कोरं." उताऱ्यावर कुणाचंही नाव नाही, म्हणजे कोरं. त्या शब्दात जेवढा अभिमान होता तेवढा मी इतर कुणाच्या तोंडून पोराच्या डॉक्टरकीबद्दलही ऐकला नाही.

काकू, म्हणजे साहेबांच्या पत्नी, मोजकं बोलणाऱ्या. मला घरी चहा मिळायचा तो त्यांच्या हातचा. "बाहेर पाणी पाजून फिरवतात ना तुला?" असं म्हणून त्या कप भरून द्यायच्या आणि साहेब वर्तमानपत्रामागे जायचे. मुलगा पुण्यात, कंपनीत नोकरीला.

निवृत्तीनंतर दोनेक वर्षांनी साहेब अचानक शाखेत आले. थंडीचे दिवस होते. तोवर त्यांच्या खुर्चीवर मी बसायला लागले होते. हेल्मेट बगलेत, चेहरा उतरलेला. समोरच्या, गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसले आणि बराच वेळ पेपरवेट फिरवत राहिले.

मुलगा शेअरच्या भानगडीत अडकला होता. मोबाईलवर एका बोटानं घ्यायचं, एका बोटानं विकायचं. आधी थोडं मिळालं, मग गेलं, गेलेलं भरून काढायला मोबाईलवरूनच कर्ज, ते फेडायला दुसरं. वसुलीवाल्यांचे फोन ऑफिसात जायला लागले आणि नोकरी गेली. हे सगळं त्यानं घरी सांगितलं तेव्हा बोलता बोलता तो जमिनीवर बसला, असं साहेब म्हणाले.

"आपल्याकडे बसत नाही ते," मी हळूच म्हणाले. वय, उत्पन्न, मुलाचा घसरलेला क्रेडिट स्कोअर, कुठल्याच बाजूनं ते पात्र ठरत नव्हते. पाचच्या जागी एकच चपाती होती आणि तीही कोरभर.

"तुमच्याकडे मागायला आलोच नाही बाई. मलाही कोष्टक येतं." मग मान खाली घालून म्हणाले, "एक फायनान्सवाले तयार आहेत. घर बघून देतात. उत्पन्न फारसं विचारत नाहीत. सोमवारी सह्या आहेत."

उत्पन्न न विचारता घर बघून जो देतो, त्याचा डोळा घरावरच असतो, हे मला याच माणसानं शिकवलं होतं.

"त्यांचा माणूस येऊन गेला," साहेब पुढे म्हणाले. "मोबाईलवर फोटो काढले, टेपनं मापं घेतली, गेला. बूटसुद्धा काढले नाहीत. कुणी काही विचारलं नाही हो मला." पेपरवेट थांबला. "रविवारी येता का? माझ्याकडून कुलूप लावून घ्या."

मी गेले. खरं सांगायचं तर रस्ताभर मला त्यांचा भयंकर राग येत होता. जगाला शहाणपण शिकवलं आणि स्वतःवर आल्यावर कुलूप माझ्या हातात दिलं. आता मी काय करायचं होतं? नको म्हणाले असते तर त्यांचा मुलगा बुडत होता. हो म्हणाले असते तर ते कोरं घर जात होतं आणि या वयात ही दोघं भाड्याच्या खोल्या शोधत फिरली असती.

साहेब फाटकाशीच उभे होते. अनवाणी. खिसे उलटे करून दाखवले, शेंगदाणेही नव्हते. हातात आम्हीच दिलेलं पितळी कुलूप. "तुम्ही पलीकडे थांबा," मला म्हणाले. मी रस्ता ओलांडून समोरच्या घराच्या कुंपणाला टेकले. ऊन कोवळं होतं. समोरच्या गॅलरीत एक बाई वाळत घालायचे कपडे हातात घेऊन तशीच थांबली.

"अगं, बाहेर ये जरा," साहेबांनी दारातून हाक मारली.

"कशाला?" आतून काकूंचा आवाज आला.

"कुलूप लावायचंय."

काकू दारात आल्या. हातात मेथीची जुडी, निम्मी निवडलेली. उंबऱ्याच्या आतच थांबल्या. मला पाहिलं, कुलूप पाहिलं, आणि त्यांना सगळं कळलं असावं, कारण त्यांनी एक बोट ओठांवर ठेवलं.

"हळू बोला," त्या म्हणाल्या. "तो वर झोपलाय."

साहेबांनी कुलूप या हातातून त्या हातात घेतलं.

"आल्यापासून आज पहिल्यांदा डोळा लागलाय त्याला. मी वर दोनदा जाऊन बघून आले. आता काय करू? उठवू? उठवून रस्त्यात उभं करू त्याला, तुमचं ते कुलूप लावायला?"

"नियम आहे," साहेब म्हणाले, पण आवाज त्यांचा वाटत नव्हता. "घरातल्या सगळ्यांनी..."

"अख्ख्या नगरच्या बायकांना घराबाहेर काढून विचारत फिरलात. मला कधी विचारलंत? आता मी सांगते ते ऐका." काकू अजूनही कुजबुजतच होत्या, पण गल्ली अरुंद, पलीकडे मला शब्द न् शब्द ऐकू येत होता. "त्याचं कर्ज तो फेडेल. पाच वर्षं लागू देत नाहीतर दहा. लोकांचे बोल खाईल, फोन घेईल, मिळेल ते काम करील. पण हे सगळं करताना माणसाला रात्री पाठ टेकायला जागा लागते की नाही? तो हरून आला तर सरळ इथं आला. पुण्यात मित्र थोडे होते का त्याला? तुम्ही आज हे घरच पणाला लावलंत, तर पुढच्या वेळी हरल्यावर तो येणार कुठं?"

साहेब सावकाश पायरीवर बसले, दाराकडे पाठ करून, कुलूप दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये धरून.

मी रस्ता ओलांडून त्यांच्यासमोर गेले. विचारावं की नाही, क्षणभर कळेना. पण त्यांनी मला बोलावलं होतं ते त्यासाठीच.

"साहेब, आत काय राहिलं?"

त्यांनी वर, गच्चीकडे पाहिलं. खोलीच्या खिडकीचा पडदा ओढलेला होता.

"पोरगं," ते म्हणाले. आणि मग त्या माणसाचे डोळे भरून आले. मी इतक्या वर्षांत त्यांना हसून रडताना पाहिलं होतं, असं कधी पाहिलं नव्हतं. माझाही राग कुठल्या कुठे गेला. काकू उंबऱ्याच्या आत खाली बसल्या आणि मेथी निवडायला लागल्या.

सोमवारी सह्या झाल्या नाहीत. पुढचं सगळं गोड झालं असं मात्र नाही. मुलगा अजून त्या गच्चीवरच्या खोलीतच राहतो, एमआयडीसीत एका कारखान्यात पूर्वीच्या निम्म्या पगारावर जातो आणि एकेक देणं तडजोडीनं मिटवतो आहे. लग्न ठरत होतं ते मोडलं. वसुलीवाल्यांचे फोन सुरुवातीला घरच्या नंबरवर यायचे, ते साहेब स्वतः घ्यायचे. एकेका पोराला ते पाच चपात्यांचा हिशेब पहिल्यापासून समजावून सांगायचे, मध्ये त्याचं जेवण झालं का ते विचारायचे आणि त्याच्या घरावर बोजा आहे का याचीही चौकशी करायचे. काकू सांगतात, आता तिकडूनच कुणी फोन करत नाही.

पण मला साहेब आठवतात ते त्या रविवारचे. काकूंनी चहा दिला, तो साहेबांनीही घेतला, माझ्यासमोर, पहिल्यांदा. कुलूप त्यांनी मला परत दिलं, म्हणाले, शाखेत कुठंतरी लागेल. मी स्कूटीची किल्ली काढली, बाहेर आले आणि सवयीनं फाटकाची कडी लावायला हात नेला. पायरीवरून साहेबांनी घाईघाईनं हात हलवला.

"राहू द्या उघडं," ते दबक्या आवाजात म्हणाले. "वाजते ती कडी. उठेल तो."